मनी प्लांट: कोल्हापूर परिसरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. पाण्याची आणि खताची प्रमाणं कोल्हापूर शहर व आसपासची हवा धरून दिली आहेत. गगनबावडा, आंबा, राधानगरी या जास्त पावसाच्या पट्ट्यात पाणी याहून कमी लागतं.

१. मनी प्लांट म्हणजे नेमकी कुठली वनस्पती? ही आपल्याकडचीच का?

आपल्याकडची नव्हे. ही वेल मूळची प्रशांत महासागरातल्या फ्रेंच पॉलिनेशियामधल्या मूरिया बेटाची. शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. १८८० मध्ये तिचं वर्णन झालं ते 'पोथॉस ऑरियस' या नावानं, म्हणून नर्सरीवाले अजूनही पोथॉस म्हणतात. आजचं नाव १९६४ चं. कुळ अळू-सुरणाचं. स्वभावानं ही झाडावर चढणारी वेल आहे, मूळ जागी २० मीटरपर्यंत चढते. टांगत्या कुंडीतून खाली सोडणं ही आपली हौस, वेलीची नव्हे. घरोघरच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

२. आमच्याकडं आहे तो मनी प्लांटच कशावरून? दुकानात तशीच दिसणारी दुसरी वेल मिळते.

बहुतेक वेळा ती दुसरी वेल म्हणजे हार्टलीफ फिलोडेंड्रॉन किंवा सिंगोनियम. मनी प्लांटच्या देठाला वरच्या अंगानं पन्हाळीसारखी खाच असते आणि पान हाताला जाड, मेणचट लागतं. फिलोडेंड्रॉनचं पान पातळ आणि पुरतं बदामाच्या आकाराचं असतं. त्याचं नवं पान एका पातळ खोळीतून बाहेर येतं आणि ती खोळ नंतर वाळून गळते. मनी प्लांटचं नवं पान आधीच्या पानाच्या देठातून गुंडाळी सोडत निघतं. सिंगोनियमचं पान बाणाच्या टोकासारखं असतं आणि देठ मोडला की दुधासारखा चीक येतो. निगा तिघांची जवळपास सारखीच, त्यामुळे ओळख चुकली म्हणून झाड मरत नाही.

३. कांडी कुठून तोडायची? नुसतं पान लावलं तर चालतं का?

नुसत्या पानाला पाण्यात कधीकधी मुळं फुटतात, पण वेल कधीच फुटत नाही, कारण फुटवा डोळ्यातून येतो आणि डोळा पेरावर असतो. ऊस लावणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: एक डोळा टिपरीचं (एकच डोळा असलेला उसाचा तुकडा लावायचं) जे तंत्र, तेच इथं. पानाच्या देठाच्या अगदी समोर, खोडावर तपकिरी गाठ दिसते. ते हवाई मूळ. त्या पेराच्या खाली साधारण दोन सेंटिमीटरवर धारदार कात्रीनं तिरका काप द्या. कात्री आधी स्पिरिटनं पुसा.

एका कांडीला दोन पेरं आणि एक-दोन पानं पुरे. चार-पाच पानांची लांब वेल तोडली तर मुळं येईपर्यंत तेवढ्या पानांना पाणी पुरवणं तिला झेपत नाही आणि खालची पानं पिवळी पडतात. काप तासभर सावलीत सुकू द्या, मग लावा. जून ते सप्टेंबरात दोन ते तीन आठवड्यांत मुळं येतात. डिसेंबर-जानेवारीत दीडेक महिना लागू शकतो, त्यामुळे घाईनं उपटून बघू नका.

४. पाण्याच्या बाटलीत ठेवलेला बरा की मातीत?

शोभेला बाटली, वाढीला माती. बाटलीतली वेल वर्षानुवर्षं जगते, पण पानं लहानच राहतात.

बाटलीत ठेवायचाच असेल तर पाणी दर सात दिवसांनी पूर्ण बदला. हे झाडापेक्षा माणसांसाठी. डेंग्यूचा एडिस डास असल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी ओतून भरून उपयोग नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर काचेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी काही महिने टिकतात. बाटली आतून ब्रशनं घासा, मुळंही वाहत्या पाण्याखाली धुवा, तोंडाला देठाभोवती कापूस किंवा जाळी बसवा. पावसाळ्यात घरोघर तपासणीला येणारे आरोग्य कर्मचारी फ्रिजच्या ट्रेनंतर मनी प्लांटची बाटली बघतात ते उगीच नाही.

पाणी हिरवं होत असेल तर बाटली तपकिरी किंवा अपारदर्शक घ्या. शेवाळाला उजेडच मिळत नाही. पान पाण्यात बुडवू नका, कुजतं.

५. बाटलीतला मातीत लावला आणि मान टाकली. काय चुकलं?

पाण्यात वाढलेली मुळं ठिसूळ असतात आणि कोरड्या मातीची त्यांना सवय नसते. मुळं पाच ते आठ सेंटिमीटर झाली की लगेच हलवा. फूटभर गुंता होईपर्यंत थांबलात तर हलवताना निम्मी मोडतात. लावल्यावर पहिले दहा-बारा दिवस माती सतत ओलसर ठेवा, सावलीत ठेवा, मग हळूहळू प्रश्न ७ मधल्या वेळापत्रकावर या. पहिली एक-दोन पानं गेली तर जाऊ द्या. डोळा हिरवा आहे तोवर वेल जिवंत आहे.

६. शेतातली काळी माती आणून कुंडी भरली तर?

नको. पंचगंगेच्या काठची काळी माती उसाला सोन्यासारखी, कुंडीत मात्र ती ओली झाली की चिकटते, वाळली की भेगाळून कुंडीची कड सोडते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. मुळांना हवा लागते, ती या मातीत मिळत नाही.

पन्हाळा-शाहूवाडीकडची तांबडी माती मिळाली तर उत्तम. मिश्रण असं: तांबडी माती ४ भाग, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३ भाग, गांडूळखत २ भाग, जाड वाळू किंवा विटांचा वाटाण्याएवढा चुरा १ भाग. काळी मातीच हाताशी असेल तर ती २ भागांवर आणा आणि विटांचा चुरा ३ भाग करा.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर देण्याची पद्धत आहे. त्यानं निचरा सुधारत नाही. पाणी खडीच्या वरच्या मातीतच अडकून राहतं आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर एक खापराचा तुकडा उपडा ठेवला की झालं. भोक नसलेली चिनी मातीची कुंडी वापरायची तर तिच्या आत भोकाची प्लास्टिक कुंडी ठेवा.

७. पाणी किती आणि कधी?

दिवस मोजून नव्हे, बोट घालून. मातीत बोट दोन पेरं खोल खुपसा. कोरडं लागलं तर पाणी द्या, थंड-ओलं लागलं तर दोन दिवसांनी पुन्हा बघा. आठ इंची कुंडी घरात असेल तर अंदाज असा: मार्च ते मे दर तीन-चार दिवसांनी, पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी, हिवाळ्यात आठवड्यानं. देताना खालच्या भोकातून थेंब पडेपर्यंत द्या आणि ताटलीत साठलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका. रोज फुलपात्रभर घालण्याची सवय सर्वांत वाईट. वरची माती कायम ओली, तळ कधी कोरडा कधी चिखल, आणि झाडाला नेमकं काय होतंय ते कळत नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीनचा वास येत असेल तर बादलीत रात्रभर उघडं ठेवून वापरा. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो. अशा कुंडीला दोन महिन्यांतून एकदा कुंडीच्या तिप्पट पाणी सावकाश ओतून क्षार धुऊन काढा. पावसाचं पाणी धरून ठेवता आलं तर त्याला तोड नाही.

८. कुठल्या दिशेला ठेवायचा? वास्तूत आग्नेय सांगतात.

वेलीला दिशा कळत नाही, उजेड कळतो. आग्नेयेच्या खिडकीतून सकाळचं कोवळं ऊन येतं, म्हणून तिथं मनी प्लांट खरोखरच चांगला वाढतो. पण त्याच कोपऱ्यात खिडकी नसून भिंत आणि कपाट असेल तर तो झुरतो. पुस्तक दिवा न लावता वाचता येईल एवढा उजेड ही कमीत कमी गरज.

पश्चिमेचं दुपारचं ऊन एप्रिल-मेमध्ये पानं भाजतं. भाजलेला भाग आधी पांढुरका, मग कागदासारखा तपकिरी होतो आणि पुन्हा हिरवा होत नाही. गच्चीवर ठेवायचा तर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लागेल.

९. पानं पिवळी पडतात. खत घालू का?

थांबा. खत हा शेवटचा उपाय. आधी कुठलं पान पिवळं पडलंय ते बघा.

सर्वांत खालचं, जुनं, महिन्याकाठी एखादं पान जात असेल तर ते म्हातारपण. तोडून टाका. खालची तीन-चार पानं एकदम मऊ पडून पिवळी झाली आणि माती ओली आहे, तर मुळं कुजताहेत. पानाच्या कडा कुरकुरीत तपकिरी आणि आत पिवळं, म्हणजे क्षार किंवा तहान. नवी पानं फिकट, जुनी बरी, म्हणजे उजेड किंवा खत कमी. पावसाळ्यात पानावर पाणचट काळे डाग आणि भोवती पिवळी कड आली तर तो जिवाणूचा डाग. ती पानं काढा, कुंडी पावसाच्या माऱ्यातून आत घ्या, पानांवर पाणी मारणं बंद करा.

कुजलेल्या मुळांचं काम लगेच करावं लागतं. झाड कुंडीतून काढा आणि मुळं धुवा. चांगलं मूळ पांढरट आणि ताठ असतं. कुजलेलं मूळ काळपट असतं, चिमटीत धरून ओढलं की साल निघून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. वासही येतो, गटारासारखा. काळं सगळं कापा, तासभर सावलीत सुकवा, नव्या मिश्रणात आणि आधीपेक्षा लहान कुंडीत लावा. जुनी माती पुन्हा वापरू नका. निम्म्याहून जास्त मुळं गेली असतील तर झाड वाचवण्याच्या खटाटोपात पडू नका. वरच्या निरोगी भागाच्या कांड्या करा (प्रश्न ३).

१०. वेल दहा फूट झाली पण पानं बारीकच. रंकाळ्याकडच्या एका बंगल्यात झाडावर चढलेली वेल बघितली, पानं सुपाएवढी! ती वेगळी जात का?

तीच जात. मनी प्लांटला दोन वयं असतात. खाली लोंबणारी किंवा जमिनीवर सरपटणारी वेल कितीही जुनी झाली तरी पोरवयातच राहते आणि तिची पानं तळहाताएवढी असतात. तीच वेल उभी चढायला लागली आणि हवाई मुळांना ओला आधार मिळाला की प्रत्येक नवं पान आधीच्याहून मोठं येतं. झाडावर पान १०० सेंटिमीटर लांब आणि ४५ सेंटिमीटर रुंद होऊ शकतं, कडेनं चिरतं, खोडही मनगटासारखं जाड होतं. खाली सोडली की उलटं: पेरातलं अंतर वाढतं, पान लहान होत जातं.

म्हणून घरात मोठी पानं हवी असतील तर खांब द्या. बाजारातली काथ्याची काठी बहुधा आत बारीक लाकूड आणि वर नखभर काथ्या अशी असते. ती ओल धरत नाही. घरी करायची तर दीड इंची पीव्हीसी पाइप चार-साडेचार फूट घ्या, त्याला दर दहा सेंटिमीटरवर चारी बाजूंनी भोकं पाडा. खालचा फूटभर भाग मोकळा ठेवा, तो कुंडीत जाईल. वर नारळाच्या सोडणाचा काथ्या दोन-तीन सेंटिमीटर जाड गुंडाळा आणि नायलॉनच्या दोरीनं आवळा. सुतळी वापरू नका, ओलीत सहा-आठ महिन्यांत कुजून सुटते. सोडणं आधी दोन-तीन दिवस पाण्यात भिजवा आणि तपकिरी पाणी रोज बदला. कुंडी किमान बारा इंची घ्या आणि माती भरण्याआधी पाइप उभा करा. नंतर खुपसला तर मुळं तुटतात आणि खांबही डोलतो.

वेल बांधताना हवाई मुळांची बाजू खांबाकडं करा. दोरी खोडाला बांधा, पानाच्या देठाला कधीच नाही. पानाला उजेडाकडं वळायला देठ मोकळा लागतो. पाणी पाइपच्या वरच्या तोंडातून ओता, ते भोकांतून काथ्यात झिरपतं. उन्हाळ्यात रोज, एरवी एक-दोन दिवसांआड. काथ्या कोरडा राहिला तर मूळ आत शिरत नाही, खांब नुसता खांब राहतो, आणि 'काठी लावली तरी पानं तेवढीच' अशी तक्रार येते. फरक पाच-सहा नव्या पानांनंतर दिसू लागतो. जुनी लहान पानं मोठी होत नाहीत.

११. पानांवरचा पिवळा-पांढरा रंग गेला, सगळी हिरवी झाली.

उजेड कमी. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे अंधारात हिरवी फूट वरचढ ठरते. रंग असलेल्या शेवटच्या पेराच्या वर वेल छाटा आणि जागा बदला. छाटली नाही तर हिरवा फुटवा जोरात वाढतो आणि रंगीत भाग मागं पडतो. मार्बल क्वीन, एनजॉय, मंजुळा या जास्त पांढऱ्या प्रकारांना साध्या सोनेरीपेक्षा जास्त उजेड लागतो आणि त्या वाढतातही सावकाश. निऑन मुळातच एकरंगी पोपटी आहे, तिच्यावर पट्टे शोधू नका.

१२. खत कुठलं? साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) फुकट मिळते, ती घालू का?

ताजी मळी अजिबात नको. ती कुजताना तापते, मुळं भाजतात, शिवाय वास आणि माश्या. पूर्ण कुजून काळी, भुसभुशीत, बिनवासाची झाली असेल तर गांडूळखताऐवजी चालते, कुंडीच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. गुऱ्हाळावरच्या चिपाडाचा कच्चा भुसाही मातीत मिसळू नका. कुजवणारे जीव त्यासाठी मातीतला नत्र ओढून घेतात आणि वेल पिवळी पडते.

घरात ठिबकसाठी आणलेलं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) असेल तर लिटरला १ ग्रॅम, महिन्यातून दोनदा, मार्च ते सप्टेंबर. बाटलीतल्या वेलीला लिटरला पाव ग्रॅम, महिन्यातून एकदा. माती कोरडी असताना खताचं पाणी देऊ नका. युरियाची चिमूट तर नकोच. आठ इंची कुंडीत चिमटीचा अंदाज हमखास चुकतो.

१३. पेरात पांढरा कापसासारखा थर दिसतोय.

पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसा, देठाच्या बेचक्यात काडीनं पोचा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि २ मिली भांडी घासायचं लिक्विड एकत्र घुसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या खालूनही. सात दिवसांच्या अंतरानं तीनदा करा, कारण अंडी एका फवाऱ्यात मरत नाहीत. मुंग्या दिसल्या तर त्यांचाही बंदोबस्त करा. ढेकणांचा गोड चिकटा खायला त्या येतात आणि त्यांची राखणही करतात. उन्हाळ्यात पानामागं बारीक जाळं आणि वर ठिपके दिसले तर ते लाल कोळी, त्यांना आधी पाण्याच्या जोरदार धारेनं धुवा.

१४. विषारी आहे म्हणतात. घरात लहान मूल आणि मांजर आहे.

पानात आणि खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कच्चं अळू घशाला खाजतं तेही यामुळंच, पण अळूवडीला आपण चिंच लावतो आणि पान शिजवतो. मनी प्लांट कुठल्याही रूपात खायचा नाही.

मुलानं पान चावलं तर तोंडातले तुकडे काढा, ओल्या कापडानं तोंड पुसा, चूळ भरायला लावा, थंड दूध किंवा पाणी द्या. उलटी करवू नका, घसा दुसऱ्यांदा सोलवटतो. जीभ किंवा ओठ सुजले, लाळ गिळता येईना, श्वासाला त्रास वाटला तर वेळ न घालवता दवाखाना गाठा. चीक डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. मांजर-कुत्र्यांना लाळ सुटते, उलट्या होतात. जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. छाटलेल्या वेली गोठ्यात टाकू नका.

१५. चोरून आणलेलाच लागतो, विकतचा लागत नाही, खरं का?

शेजाऱ्याकडं मागा, कुणी नाही म्हणत नाही. चोरताना घाईनं हिसडा मारून तोडलेली कांडी पेर सोडून तुटते आणि खरं तर तीच लागत नाही. विकतचा, मागितलेला, चोरलेला, सगळे एकाच वंशाचे आहेत, त्याचं कारण प्रश्न १९ मध्ये.

१६. बेडरूममध्ये ठेवला तर हवा शुद्ध होते, रात्रीही ऑक्सिजन मिळतो?

रात्री नाही. अंधारात ही वेल आपल्यासारखाच कार्बन डायऑक्साइड सोडते, पण इतका थोडा की काळजीचं कारण नाही. हवा शुद्ध करण्याची गोष्ट नासाच्या १९८९ च्या प्रयोगावरून पसरली. तो प्रयोग लहान बंद पेट्यांमधला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांची एकत्र फेरमांडणी झाली तेव्हा दिसलं की घराच्या साध्या वायुवीजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. दहा बाय दहाच्या खोलीत किमान नव्वदेक कुंड्या झाल्या. खिडकी उघडा.

१७. नारळावर चढवला तर झाडाला त्रास होतो का? आणि भिंतीवर?

ही बांडगूळ नव्हे, झाडातला रस शोषत नाही. पण नारळावर पुरती चढली की पाडेकऱ्याला पाय ठेवायला जागा राहत नाही आणि पानांआड विंचू-साप दिसत नाहीत. आठ फुटांवर दरवर्षी मे महिन्यात छाटा. आंब्यावर मोठ्या वेलीचं वजन वादळी पावसात फांदी मोडायला पुरतं. भिंतीवर हवाई मुळं रंगाला घट्ट धरतात. वेल ओढली की रंगाचे पोपडे निघतात. भिंतीपासून चार बोटं दूर जाळी ठोकून तिच्यावर चढवा.

१८. आंबा घाटात झाडावर भोकं असलेल्या पानांची अशीच वेल दिसली. मॉन्स्टेरा जंगलात कसा? तीच आयुर्वेदातली गजपिंपळी का?

तीन वेगळ्या वेली आहेत, कुळ एकच. मॉन्स्टेरा डेलिसिओसा मेक्सिको ते पनामा भागातला, आपल्याकडं तो बागेतच. घाटात दिसली ती बहुधा गणेशकंद, म्हणजे ऱ्हॅफिडोफोरा पर्टुसा. तो सह्याद्रीतला अस्सल रहिवासी. पान कडेनं चिरलेलं आणि मधल्या शिरेजवळ भोकं. गजपिंपळी म्हणून ज्याची फळं औषधात वापरतात तो सिंडॅप्सस ऑफिसिनॅलिस. मनी प्लांट यातला कुठलाच नाही, काढ्याला वापरू नका.

गणेशकंद उपटून आणू नका. राधानगरी अभयारण्य २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि अभयारण्यातून वनस्पती काढणं हा गुन्हा आहे. शिवाय उपटलेली जुनी वेल कुंडीत सहसा धरत नाही.

१९. इतकी वर्षं झाली, फूल का येत नाही?

कारण ती फुलायचंच विसरली आहे. लागवडीत आपोआप फूल आल्याची शेवटची नोंद १९६४ ची. २०१६ मध्ये संशोधकांनी कारण दाखवलं: जिबरेलिन हे संप्रेरक तयार करणारं एक जनुक या वेलीत नीट चालत नाही. बाहेरून जिबरेलिक ॲसिड फवारल्यावर त्यांच्या वेलींना फुलं आली. तासगावकडं द्राक्षाला फवारतात ते 'जीए' हेच. घरी हा उद्योग करण्यात अर्थ नाही, फुलाला शोभा अशी काही नसते. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून कोल्हापुरातली प्रत्येक वेल कुणाच्या तरी कांडीची कांडी आहे.

२०. छाटलेल्या वेली कुठं टाकायच्या? परड्यात किंवा ओढ्याकाठी टाकल्या तर कुजतील की.

कुजत नाहीत, रुजतात. एक पेर ओल्या मातीला टेकलं की पुरतं. श्रीलंकेत ही वेल बागेतून निसटून जंगलात पसरली आहे. घाटालगत फार्महाउस असेल तर ती कुंडीतच ठेवा, जमिनीत सोडू नका. छाटलेले तुकडे आठ-दहा दिवस कडक उन्हात पत्र्यावर वाळवा, पेरं कुरकुरीत मोडली की कंपोस्टमध्ये घाला. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन महिने ठेवा आणि चिखल झाल्यावरच खड्ड्यात टाका.